दहा फोटोंची जागा

ताईला राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या रविवारी मात्र कारण होतं, आणि बसमध्ये दीड तास ते मनात घोळवून घोळवून तिने चांगलं कडक केलं होतं. दुरुस्तीची जड पेटी घेऊन ती वडिलांच्या घराचे तीन जिने न थांबता चढली. धाकट्या भावाने दार उघडलं आणि चपला काढायच्या आधीच तिने तोंड उघडलं.

"काय केलंस तू त्या मशीनला, ठोंब्या?"

ठोंब्या हे नाव तिनेच त्याला ठेवलं होतं, तो चार वर्षांचा असताना. आता तो सेहेचाळीस वर्षांचा होता आणि गाडी शिकवणाऱ्या शाळेत मास्तर होता. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवायचा, हे त्याचं काम. त्या कामाने त्याच्या अंगात असा काही थंडपणा मुरला होता की नुसतं त्याच्याकडे बघूनच ताईचा पारा चढे.

"काही नाही केलं," तो म्हणाला. "आत तर ये."

"काही नाही केलं तर आईच्या फाइली काय पाय फुटून गेल्या?"

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. पाणीखात्यात मीटर तपासायची नोकरी करताना साहेब येणार असला की ते असे तयार होऊन बसत. "आलीस?" ते म्हणाले. "चहा टाकू का तुला?"

"चहाबिहा काही नको, बाबा. आधी मशीन."

"बरं, बरं," बाबा म्हणाले आणि खुर्चीत थोडे मागे सरकले.

आता ही ताई कोण, ते सांगायला हवं. ती जुने कॉम्प्युटर दुरुस्त करत असे. गावात असे बरेच कारखाने होते, जिथलं कापायचं किंवा विणायचं यंत्र अजून पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर चालायचं. तो बंद पडला की नव्या दुकानांतली पोरं हात झटकून मोकळी होत आणि मग मालकांना ताईची आठवण येई. ताई येई, आधी मालकाला झाडे, मग त्याच्या मॅनेजरला झाडे आणि मग मशीनपुढे मांडी घालून बसे. मशीनवर ती कधीच आवाज चढवत नसे. लोक तिचं बोलणं निमूट ऐकून घेत, कारण हे काम येणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. आपलं कामच असं आहे, इथे गोड बोलून भागत नाही, असं ताई म्हणायची. तिच्या घरच्यांचं मत तिने कधी विचारलं नव्हतं.

बाबांचं मशीन म्हणजेही असाच एक जुना कॉम्प्युटर, तिनेच बसवलेला. नवं घ्या म्हणून ती कितीदा मागे लागली होती, पण "हे चालतंय की," एवढंच बाबा म्हणत. त्या मशीनमध्ये आईचा आवाज होता.

आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. रोज रात्री डायरी लिहायची तिची सवय. शेवटच्या आजारात हात थरथरायला लागले, पेन धरवेना, तेव्हा बाबांनी मशीनला एक माईक जोडून दिला. मग आई रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसून पाच-सहा मिनिटं बोलायची. दिवसभरात कोण आलं, कोणाचा फोन आला, बाबा कुठली गोष्ट तिसऱ्यांदा विसरले, शेजारणीचं भांडण कुठवर आलं. असे दोनशे अठरा दिवस. एका दिवसाची एक फाइल. दोनशे एकोणिसाव्या दिवशी आईला दवाखान्यात हलवलं आणि ती परत आली नाही. त्याला नऊ वर्षं झाली.

या नऊ वर्षांत ताईने त्यातली एकही फाइल ऐकली नव्हती. धीरच झाला नव्हता. आहेत ना तिथे, ऐकू कधीतरी, असं तिचं चाललेलं. आणि आज सकाळी ठोंब्याचा फोन: "ताई, आईचा आवाज ऐकावा म्हणून बसलो, तर एकही फाइल दिसत नाहीये. आणि डिस्कमध्ये जागा संपली असं काहीतरी येतंय. बाबा म्हणतात मशीन बिघडलं असेल."

मशीन बिघडत नाही. मशीनला कोणीतरी बिघडवतं. हा ताईच्या धंद्यातला पहिला नियम होता, आणि तो कोणीतरी या घरात कोण असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तिने मशीन चालू केलं आणि सगळ्यात आधी सेटिंगचं पान उघडलं. जुन्या मशीनची ही एक तऱ्हा असते. डिस्क केवढी आहे ते मशीनला कळावं लागतं, आणि चुकीचं कळलं तर ते तेवढीच डिस्क खरी मानून चालतं. पुढची डिस्क त्याच्या लेखी नसतेच. पडद्यावर आकडा होता दोन हजार एकशे एमबी.

ताई दोन मिनिटं त्या आकड्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिचे कान लाल झाले.

"ही चार हजार तीनशेची डिस्क आहे," ती म्हणाली. "मी स्वतः माझ्या कपाटातून आणून बसवली होती. मुद्दाम मोठी आणली होती, आईचं रेकॉर्डिंग मावावं म्हणून. निम्मीच दिसतेय. अर्धी डिस्क गायब! सेटिंगमध्ये कोण शिरलं होतं?"

"मला सेटिंग म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही," ठोंब्या म्हणाला.

"माहीत नसतं म्हणूनच शिरता तुम्ही लोक! एक बटण दाबायचं, दिसेल त्याला हो म्हणायचं आणि वर तोंड करून सांगायचं, मी काही नाही केलं. तुझ्या गाडीत कोणी असं केलं तर चालेल तुला? ब्रेक कुठला, क्लच कुठला ते न बघता?"

"माझ्या गाडीत रोज सगळे तेच करतात, ताई."

"दात काढू नकोस! आईच्या फाइली आहेत त्या. आईच्या!"

तिचा आवाज फाटला. बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि शर्टाच्या बाहीचं बटण काढून पुन्हा लावत होते.

खरं सांगायचं तर ओरडता ओरडता ताईच्या मनात एक आशा उगवली होती. निम्मी डिस्क मशीनला दिसत नाहीये, म्हणजे फाइली त्या न दिसणाऱ्या निम्म्यात असतील. सेटिंग सरळ केलं की येतील. कारखान्यांत असं दहा वेळा झालं होतं. सगळं संपलं म्हणून मालक डोकं धरून बसलेला, ताईने चार आकडे बदलले आणि सगळं जिथल्या तिथे. तिने आकडे बदलून पाहिले. मशीन ऐकेना. डिस्क स्वतःच सांगत होती की मी दोन हजार एकशेची आहे. म्हणजे सेटिंगमध्ये खोट नव्हती.

"स्क्रू ड्रायव्हर दे. पेटीतला, पिवळ्या मुठीचा. पिवळा म्हटलं!"

मशीन बंद करून तिने वरचं झाकण उतरवलं, तोंडाने धूळ उडवली आणि टॉर्च लावून डिस्कच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथे बारीक पिनांची रांग असते आणि कुठल्या पिनांवर नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी बसवायची त्यावर डिस्कचं वागणं ठरतं. या डिस्कवर अशा दोन टोप्या होत्या. पहिली नेहमीची. दुसरी शेवटच्या पिनांवर, आणि तिच्यावर गडद लाल नेलपॉलिशचा एक ठिपका.

ताईने टॉर्च बंद केला. मग पुन्हा लावला.

तिने आयुष्यात कधी नखं रंगवली नव्हती. पण पेटीत नेलपॉलिशची बाटली कायम असे. स्वतः बसवलेल्या प्रत्येक टोपीवर ती एक ठिपका देई, म्हणजे पुढे कधी मशीन उघडलं तर आपला हात कुठे लागलाय आणि दुसऱ्याचा कुठे, ते ओळखू यावं. कामात चूक निघाली तर ती कोणाची यावर वाद नको म्हणून ही युक्ती. तिचा तिला फार अभिमान होता.

सगळं आठवलं. डिस्क मोठी होती आणि मशीन जुनं, त्यामुळे चालू करताच ते अडकून बसत होतं. अशा वेळी ही दुसरी टोपी लावतात. मग डिस्क आपण निम्म्याच आहोत असं सांगते आणि मशीन मुकाट्याने चालू होतं. नंतर एक छोटा प्रोग्राम घालून टोपी काढायची आणि उरलेली जागा मोकळी करायची असते. तो प्रोग्राम त्या दिवशी पेटीत नव्हता. कुठल्यातरी कारखान्याचे फोनवर फोन येत होते. आता चालू तर झालंय, पुढच्या खेपेला करू, असं म्हणून ती जिना उतरली होती. पुढच्या कुठल्याच खेपेला तिला ते आठवलं नाही.

म्हणजे त्या निम्म्यात काहीच नव्हतं. तिथे कधी कोणाला काही ठेवताच आलं नव्हतं.

"सापडलं का काही?" ठोंब्याने विचारलं.

"थांब जरा," ताई म्हणाली. हे ती इतक्या हळू म्हणाली की ठोंब्या दचकला.

टोपी तिने तशीच ठेवली. मशीन उघडंच चालू केलं आणि पेटीतली एक फ्लॉपी घातली. फ्लॉपीवरचा प्रोग्राम डिस्कवरून उडवलेल्या फाइलींची नावं काढून दाखवायचा. फाइल उडवली तरी ती लगेच जात नाही. नावाचं पहिलं अक्षर तेवढं पुसलं जातं आणि आतला मजकूर तिथेच पडून असतो, त्याच जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत. ही शेवटची आशा होती.

यादी आली. एकाखाली एक, पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि पुढे तारीख. आईचे दिवस. ताई खाली खाली जात राहिली. प्रत्येक नावापुढे प्रोग्राम एकच गोष्ट सांगत होता, की या जागेवर आता दुसरी फाइल आहे. त्या दुसऱ्या फाइलींची नावं तिने पाहिली. सगळे जुने फोटो होते, बाबांनी स्कॅनरवर उतरवलेले. आजोबा, मामाचं लग्न, ताईची शाळा. दोनशे अठरा नावं झाली तेव्हा यादी संपली.

तेव्हा मात्र ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या रागात आता थोडी भीती मिसळली होती, त्यामुळे तो दुपटीने मोठा झाला. ती खुर्ची ढकलून उठली आणि भावाच्या अंगावर धावूनच गेली.

"कोणी उडवल्या? हाताने उडवल्यात! एक एक करून! मशीनने नाही, माणसाने! तू गेल्या महिन्यात इथे चार दिवस राहिला होतास. काय करत होतास? काय हवं होतं तुला, गेम घालायचे होते? आईचा गळा दाबलास तू, कळतंय का? स्वतःच्या आईचा!"

"ताई, तोंड सांभाळ," ठोंब्या म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला एवढं रागावलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. "मी हात लावलेला नाही. ऐकायला म्हणून बसलो, एवढंच. निदान मी ऐकायला तरी बसलो. तू बसलीस कधी?"

"मला शिकवू नकोस!"

"मी उडवल्या," बाबा म्हणाले.

दोघंही वळली. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"त्याला बोलू नकोस. मी उडवल्या. तो विचारायला लागला तेव्हा मशीन बिघडलं म्हणून खोटं बोललो. तू येशील असं वाटलं नव्हतं." ते जरा थांबले. "म्हणजे, येऊ नये असं नाही."

"तुम्ही?" ताई म्हणाली. "बाबा, पण का?"

"जागा नव्हती ना. तू स्कॅनर दिलास, रोज दहा फोटो करा म्हणालीस. दर रविवारी फोनवर विचारायचीस, किती झाले? आठव्या दिवशीच मशीन म्हणालं जागा संपली. मग मी हिशेब घातला. तिची एक फाइल काढली की बरोबर दहा फोटो मावायचे. एक दिवस, दहा फोटो." ते एखादं मीटर वाचून दाखवावं तसं सांगत होते. "आधी ऐकायचो. पूर्ण ऐकायचो, मगच काढायचो. सकाळी तिचा एक दिवस, मग दहा फोटो. शेवटच्या दिवशी ती फक्त चार मिनिटं बोलली होती, दम लागत होता तिला, म्हणून त्या दिवशी सातच फोटो झाले. तू रागावली होतीस, तीन कमी का म्हणून."

ताईला ते आठवलं. ती रागावली होती.

"अहो, पण दुसरं काही उडवायचं!" ती म्हणाली. "माझं एक फोल्डर आहे त्यात, केवढं मोठं. निम्मी डिस्क त्यानेच खाल्लीय. बंद पडलेल्या मशीनांचा कचरा सगळा. माझ्याकडे घरी तीन तीन कॉप्या आहेत त्याच्या. ते टाकायचं होतं काढून!"

"ते तुझं होतं. हात लावायचा नाही, असं त्याच्यावर तूच लिहून ठेवलंयस. एकदा चुकून लावला होता, तेव्हा तू किती बोलली होतीस. तुझ्या आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला होता."

"मग विचारायचं तरी!"

"विचारलं होतं," बाबा म्हणाले. "फोन केला होता, जागा संपली म्हणतंय म्हणून. तू कामात होतीस. म्हणालीस, बाबा, नको असेल ते उडवा, प्रत्येक वेळी मला काय विचारता? मग परत नाही विचारलं."

ठोंब्या भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. दोन्ही पोरांची अशी अवस्था बघून बाबा कावरेबावरे झाले. कोणाला आधी समजवावं हे त्यांना कळेना.

"तुम्ही असं करू नका," ते म्हणाले. "मशीनच लहान पडलं. त्या काळची डिस्क ती, तिला तरी किती मावणार? यात तुझा काय दोष?"

ते पुन्हा खुर्चीत बसत ताईकडे बघून म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

ठोंब्याने मान वर केली. "हो ताई," तो म्हणाला. त्याचा आवाज अजून ओला होता. "जुन्या डिस्क लहानच असायच्या. तूच सांगतेस ना नेहमी."

बघा, किती सोपं होतं. डिस्कच्या मागची ती टोपी या घरात दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती आणि दिसली तरी कळली नसती. झाकण लावायचं, चार स्क्रू फिरवायचे आणि सगळा दोष एका लोखंडी डबीवर टाकून चहा प्यायचा. ताईने झाकण उचललंसुद्धा. चाळीस मालकांना तिने त्यांच्या तोंडावर त्यांच्या चुका सांगितल्या होत्या, एकदाही जीभ अडखळली नव्हती. आता ती हातातलं झाकण उगाच बाहीने पुसत राहिली.

तिने झाकण खाली ठेवलं. मशीन बंद केलं. पेटीतला चिमटा काढला, वाकून डिस्कमागची दुसरी टोपी ओढून काढली आणि बाबांच्या खुर्चीपाशी जाऊन आपला तळहात त्यांच्यापुढे धरला.

"लहान नव्हती डिस्क," ती म्हणाली. "दुप्पट होती. ही टोपी मी लावली होती, त्यामुळे ती निम्मी दिसायची. नंतर काढायची असते. मी विसरले."

बाबांनी चष्मा वर केला आणि टोपीकडे निरखून पाहिलं. ती त्यांच्या अंगठ्याच्या नखापेक्षा लहान होती.

"म्हणजे जागा होती?" त्यांनी विचारलं.

"होती. पहिल्या दिवसापासून होती. तुमचे सगळे फोटो मावले असते. अजून तेवढेच मावले असते. काही म्हणजे काही काढायला लागलं नसतं."

बाबांची नजर टोपीवरून स्कॅनरवर गेली, स्कॅनरवरून माईकवर. माईक अजून मॉनिटरशेजारी होता, वायर नीट गुंडाळून ठेवलेली. ताई वाट बघत उभी होती. त्यांनी ओरडावं, हात उगारावा, चालती हो म्हणावं, काहीही. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्यावर चिडावं अशी तिची इच्छा होती.

बाबांनी चष्मा पुन्हा खाली घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं त्यांना कोण जाणे, पण त्यांचे खांदे लगेच आकसले.

"माझंच चुकलं," ते घाईघाईने म्हणाले. "मी नीट विचारायला हवं होतं तुला. तू कामात असतेस. मी परत करायला हवा होता फोन. माझंच चुकलं गं."

ताईला सांगायचं होतं की असं म्हणू नका. तिला त्यांच्या पायाशी बसायचं होतं, ते हळू आवाजात सांगायचं होतं, आणि त्यासाठी तिने तोंड उघडलं. पण छातीत जे दाटलं होतं त्याला बाहेर यायची एकच वाट माहीत होती.

"तुमचं काही चुकलेलं नाही!" ती ओरडली. एवढ्या जोरात की ठोंब्या उठून उभा राहिला.

बाबांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"बरं, बरं," ते म्हणाले. "नाही चुकलं. बरं."